आवाज ओठांच्या मागे का पडतो: जुना लॅपटॉप, मोबाइलचे चित्रण आणि केडेनलाइव्ह

प्रश्न असा आहे. शाळेत ८ जीबी रॅमचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना लॅपटॉप आहे. मोबाइलवर वीस ते तीस मिनिटांचे पाठ चित्रित होतात. त्यासाठी ओपन सोर्स, पैसे न लागणारे आणि वॉटरमार्क न उमटवणारे एडिटिंग सॉफ्टवेअर हवे आहे. ओपनशॉट आणि शॉटकट वापरून झाले. दोन्हींत व्हिडिओ अडखळतो आणि पाठ संपत आला की आवाज ओठांच्या मागे पडलेला असतो. मराठी उपशीर्षकेही द्यायची आहेत. तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्यात काय काय जमते?

केडेनलाइव्ह घ्या. मात्र आधी एक गोष्ट लक्षात घ्या: नुसते सॉफ्टवेअर बदलून तुमच्या दोन तक्रारींपैकी एकही जाणार नाही. दोन्हींचे मूळ मोबाइलमधून आलेल्या फायलीत आहे. ती फाइल टाइमलाइनवर टाकण्याआधी तयार करून घेतली, तर याच लॅपटॉपवर अर्ध्या तासाचा पाठ व्यवस्थित बसवता येतो.

पोटात इंजिन तेच

केडेनलाइव्ह आणि शॉटकट दिसायला वेगळी असली तरी दोघांच्या पोटात एमएलटी नावाचे एकच इंजिन आहे. शॉटकट लिहिणारे डॅन डेनेडी हे एमएलटीच्याही मुख्य विकासकांपैकी एक. व्हिडिओ फाइल उलगडून त्यातली चित्रे बाहेर काढणे आणि शेवटी नवी फाइल बांधणे, हे काम एमएलटी पुढे एफएफएमपेग या दुसऱ्या ओपन सोर्स साधनाकडे सोपवते. ओपनशॉटचे इंजिन स्वतःचे आहे, पण फायली उलगडायला तेही एफएफएमपेगच वापरते. त्यामुळे फायलीतला दोष एका सॉफ्टवेअरमध्ये जसा दिसतो, तसाच दुसऱ्यातही दिसतो.

मग केडेनलाइव्हच का? लांब पाठाला लागणारी व्यवस्था त्यात जास्त चांगली आहे. क्लिपा फोल्डरवार लावता येतात, प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या प्रती) आपोआप बनतात, वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज चित्राशी जुळवता येतो, एका टाइमलाइनमध्ये दुसरी टाइमलाइन ठेवता येते आणि उपशीर्षकांसाठी वेगळा ट्रॅक मिळतो. २००२ मध्ये जेसन वूड यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज केडीई समुदाय सांभाळतो. परवाना जीपीएल आहे, आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर तो चालतो. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना: २४.१२ म्हणजे डिसेंबर २०२४ ची. लिनक्सच्या भांडारात बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते, म्हणून केडेनलाइव्हच्या संकेतस्थळावरची ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) उतरवून घ्यावी. शाळेच्या सगळ्या संगणकांवर मात्र एकच आवृत्ती ठेवा. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रोजेक्ट जुनीत उघडेलच असे नाही.

एकच क्लिप, चार काप आणि एक शीर्षक एवढेच काम असेल तर शॉटकट सुटसुटीत आहे. ते तासाभरात हाताशी येते. पहिल्यांदाच एडिटिंग करणाऱ्या मुलांना ओपनशॉटची मांडणी लगेच कळते, पण टाइमलाइन लांबली आणि इफेक्ट वाढले की ते जड होत जाते. ब्लेंडरमध्येही व्हिडिओ संकलनाची सोय आहे. त्रिमितीय ॲनिमेशन करायचे असेल तर ब्लेंडर शिकाच, पण नुसत्या पाठांसाठी त्याचा पसारा फार मोठा आहे.

‘डाव्हिंची रिझॉल्व्ह फुकट असताना हे कशाला?’ असेही विचारले जाते. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पैशाने फुकट आहे, पण ती ओपन सोर्स नाही. तिला दमदार ग्राफिक्स कार्ड लागते, आणि लिनक्सवरची मोफत आवृत्ती मोबाइलच्या नेहमीच्या एच.२६४ फायली उघडतच नाही. रंगसंस्काराच्या बाबतीत ती केडेनलाइव्हच्या खूप पुढे आहे हे खरे. तुमच्या लॅपटॉपवर मात्र त्याचा उपयोग नाही.

आवाज मागे का पडतो

मोबाइलवर ‘३० फ्रेम’ लिहिलेले असले तरी तो सेकंदाला नेमकी ३० चित्रे घेईलच असे नाही. खोलीत उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो. फोन तापला किंवा प्रोसेसरवर ताण आला तरी चित्रे गळतात. फोन प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का मारतो आणि साधा प्लेअर तो शिक्का पाहून चालतो, म्हणून फोनवर सगळे ठीक दिसते. एडिटिंगची टाइमलाइन मात्र सारख्या मापाच्या खणांची असते. बदलत्या वेगाची चित्रे या खणांत बसवताना इंजिनाचा हिशेब चुकतो. आवाजाला असले खण नसतात, तो आपल्या वेगाने चालत राहतो.

हिशेब करून पाहा. क्लिपची खरी सरासरी २९.९७ आहे आणि टाइमलाइनने ती ३० धरली, तर फरक हजारात एकाचा. वीस मिनिटांत तो १.२ सेकंद होतो. सरासरी २९.९ असेल तर त्याच वेळात ४ सेकंद. चित्र पुढे पळते आणि आवाज मागे राहतो. दोन-तीन फ्रेमचा फरकसुद्धा बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जाणवतो, मग सेकंदाचा तर खुपणारच.

निदान करताना एक खूण पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच राहत असेल, तर तो स्थिर सरक आहे. आवाजाची क्लिप तेवढ्या फ्रेम पुढे-मागे ओढली की काम झाले. सुरुवात बरोबर आणि पुढे फरक वाढत जातो, असे असेल तर दोष बदलत्या फ्रेम-दराचा. खात्रीसाठी मीडियाइन्फो हे छोटे ओपन सोर्स साधन घ्या आणि फाइल त्यात टाका. व्हिडिओच्या माहितीत फ्रेम-दराच्या प्रकारापुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेले असेल तर चोर सापडला.

उपाय दोन. पहिला केडेनलाइव्हमध्येच आहे. अशी क्लिप आत घेतली की सॉफ्टवेअर सूचना देते आणि संकलनाला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का असे विचारते. घाईत ती सूचना बंद करू नका, होकार द्या. तिथे दिसणाऱ्या पर्यायांत डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेससारखे मधले स्वरूप चित्रासाठी उत्तम, पण ते जागा फार खाते. १०८०पी, ३० फ्रेमच्या प्रोरेस ४२२ ला सेकंदाला साधारण १४७ मेगाबिट लागतात. म्हणजे मिनिटाला १.१ जीबी आणि अर्ध्या तासाला ३३ जीबी. जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर हे परवडत नाही.

म्हणून तुमच्यासाठी दुसरा उपाय बरा: हँडब्रेक. तेही ओपन सोर्स आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ ठेवा. फ्रेम-दर ३० निवडून त्याखालचा ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय निवडा. गुणवत्तेचा आरएफ आकडा १६ ते १८ ठेवा. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. आवाजाच्या टॅबमध्ये नमुना-दर ४८ किलोहर्ट्झ ठेवा. आठवड्याच्या सगळ्या क्लिपा रांगेत लावून शाळा सुटताना सुरू करा, सकाळपर्यंत तयार होतील. मूळ फायली मात्र पुसू नका. काम पुन्हा करायची वेळ आली तर त्याच लागतील.

चित्रण करतानाही थोडी काळजी घेता येते. फोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर बंद ठेवा, कारण त्या क्लिपा साध्या टाइमलाइनवर फिक्या तरी दिसतात किंवा भडक तरी. एच.२६५ आणि एच.२६४ यांतली निवड असेल तर एच.२६४ घ्या. फाइल मोठी होईल, पण उलगडताना जुन्या प्रोसेसरला कमी कष्ट पडतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनने शटर मनाप्रमाणे ठेवले की पडद्यावर सरकते काळे पट्टे येतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हे पट्टे नंतर एडिटिंगमध्ये काढणे जवळजवळ अशक्य असते, खिडकीजवळ उजेडात चित्रण करणे त्याहून कितीतरी सोपे.

अडखळण्याचे कारण आणि प्रॉक्सी

एच.२६४ फायलीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असते, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय बदलले तेवढेच लिहिलेले असते. सरळ पाहताना हे चालून जाते. एडिटिंगमध्ये मात्र आपण सारखे मधेच उडी मारतो. कीफ्रेमनंतरचे चाळिसावे चित्र हवे असेल, तर प्रोसेसरला कीफ्रेमपासून तिथपर्यंतचा बदलांचा हिशेब करूनच ते चित्र उभे करावे लागते. माउस सरकवला की लॅपटॉप गुदमरतो, तो यामुळे.

प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची लहान, हलकी प्रत. संकलन प्रतीवर करायचे आणि अंतिम फाइल मूळ क्लिपांवरून बनवायची. प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या प्रॉक्सीच्या टॅबवर ती सुरू करा आणि १००० पिक्सेलपेक्षा रुंद व्हिडिओसाठी आपोआप बनू द्या. ६४० पिक्सेल रुंदीची प्रत पुरते. क्लिपांच्या यादीत त्या क्लिपवर ‘पी’ ही इंग्रजी खूण आली की प्रत तयार झाली. प्रती बनत असताना काम सुरू केले तर वेग आणखी मंदावतो. तेवढा वेळ थांबा.

त्याशिवाय पूर्वावलोकनाची खिडकी पूर्ण रिझोल्युशनऐवजी ५४०पी किंवा ३६०पीवर ठेवता येते. अंतिम फाइलवर त्याचा काही परिणाम होत नाही. एखाद्या भागावर तीन-चार इफेक्ट चढवल्यामुळे तेवढाच तुकडा अडखळत असेल, तर तो भाग निवडून टाइमलाइनचे पूर्वावलोकन रेंडर करून घ्या. वरची लाल पट्टी हिरवी झाली की तो तुकडा सुरळीत चालतो. त्यात काही बदल केला की ती पुन्हा लाल होते.

आणखी एक चोर फारसा कोणाच्या लक्षात येत नाही: फळ्याचे, पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले मोठे फोटो. ४८ मेगापिक्सेलचा फोटो ८००० गुणिले ६००० चा असतो. डिस्कवर तो १० एमबीचा दिसला तरी मेमरीत उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून १९२ एमबी होतो. असे वीस फोटो टाइमलाइनवर टाकले की ८ जीबी रॅमचे काय होणार ते उघड आहे. सॉफ्टवेअर अचानक बंद पडते आणि दोष त्याच्या माथी येतो. फोटो आधीच १९२० पिक्सेल रुंदीचे करून घ्या. त्यात झूम करायचे असेल तर ३८४० पुरे.

मांडणी आणि काप

पहिली क्लिप टाकताना प्रोजेक्टचे माप क्लिपप्रमाणे बदलू का असे विचारले जाते. इथे होकार द्या, कारण मूळ मांडणी बहुधा २५ फ्रेमची असते आणि तुमच्या क्लिपा आता ३० फ्रेमच्या आहेत. अर्धे काम झाल्यावर फ्रेम-दर बदलला तर सगळे काप थोडे थोडे सरकतात. रील किंवा शॉर्टसाठी उभा व्हिडिओ करायचा असेल तर १०८० गुणिले १९२० चा वेगळा प्रोजेक्ट उघडा.

पाठाच्या संकलनाला चार-पाच कळाच लागतात. प्लेहेडच्या (टाइमलाइनवरच्या उभ्या रेघेच्या) जागी काप घ्यायला शिफ्ट आणि आर, निवडीचे साधन एस, आणि कापाच्या पुढचे सगळे एकत्र सरकवायला एम. क्लिपची सुरुवात आणि शेवट ठरवायला आय आणि ओ. एवढ्यावर तासांचे काम निघते. आधी फक्त चुका आणि लांबलेले थांबे काढा. शीर्षके, संगीत, रंग यांना हात लावू नका. सगळे एकदम करायला गेले की एक काप बदलल्यावर त्यावरची दहा कामे पुन्हा करावी लागतात.

दोन क्लिपांच्या सांध्यावर एकीतून दुसरीत विरघळणारे चित्र हवे असेल तर यू दाबा. पुष्कळांचा अनुभव असा की ते बनतच नाही. कारण साधे आहे: विरघळण्याच्या काळात दोन्ही क्लिपांची चित्रे एकदम लागतात. पहिली क्लिप तिच्या शेवटच्या चित्रापर्यंत वापरून संपली असेल, तर पुढची चित्रे आणणार कुठून? दोन्ही टोकांना निदान अर्ध्या सेकंदाची शिल्लक ठेवून कापा.

फोनपासून शिक्षक लांब असतील तर खिशात दुसरा फोन ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. कॅमेऱ्याच्या आवाजाला संदर्भ ठरवले की केडेनलाइव्ह दुसरा आवाज त्याच्याशी आपोआप जुळवते. ते चुकले, तर तरंगावरचे टाळीचे टोक पाहून हाताने जुळवता येते.

आवाजाला जास्त वेळ द्या

शिकणाऱ्याला किंचित धूसर चित्र चालते, न कळणारा आवाज चालत नाही. पंख्याची घरघर बहुतेक खालच्या सुरांत असते. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर लावला की पुष्कळ फरक पडतो. उरलेल्या सूं आवाजासाठी तो ट्रॅक ऑडॅसिटी या आवाजाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये घ्या. कोणी बोलत नसतानाचा एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून दाखवा आणि नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबलच ठेवा. २० डेसिबल केले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ‘स’, ‘श’, ‘ष’ यांच्या कडा जातात. म्हणून चित्रण सुरू झाल्यावर दोन सेकंद शांत उभे राहण्याची सवय लावा, तोच नमुना कामी येतो. ऑडॅसिटी शिकायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तिचे धडे आहेत.

पातळी ठरवताना बोलण्याची टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. कितीही झाले तरी उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. शेवटच्या फाइलचा एकूण मोठेपणा उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास असावा. यूट्यूब त्याहून मोठा आवाज खाली आणते, पण लहान आवाज वर उचलत नाही. म्हणूनच हळू आवाजातले पाठ इतर व्हिडिओंच्या शेजारी मलूल वाटतात. शिक्षक कधी फळ्याकडे तोंड करून बोलत असतील, कधी कॅमेऱ्याकडे, तर नुसता आवाज वाढवू नका. लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर लावा, प्रमाण ३ ला १ ठेवा.

मराठी मजकूर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात. तो शीर्षकात डकवला की भलतीच अक्षरे उमटतात. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि उपशीर्षकाची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. उघडल्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली तर बहुतेक वेळा हेच राहून गेलेले असते.

केडेनलाइव्हचे शीर्षक-साधन क्यूटी या सॉफ्टवेअर-संचावर आधारलेले आहे आणि ते जोडाक्षरे नीट जुळवते. उपशीर्षके चित्रात बसवण्याचे काम लिबास नावाचा घटक करतो, तोही जोडाक्षरे नीट जुळवतो. तरी अक्षरे फुटली, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते आधी पाहा. तपासायला एक ओळ लिहून ठेवा: ‘दऱ्याखोऱ्यांतले वाऱ्याचे झऱ्याशी बोलणे, कृष्णाचा ज्ञानमार्ग’. यातला ऱ्य आणि ज्ञ बरोबर दिसले तर बाकी काळजी नाही.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये मराठी वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितले तरच ती बाहेर येतात. शीर्षक-साधनात ते सांगायची सोय सहसा नसते, म्हणून हिंदी वळणे उमटतात. प्राथमिकच्या मुलांना वहीत एक ल आणि पडद्यावर दुसरा ल दाखवणे बरे नाही. टिरो देवनागरी मराठी या मुक्त फॉन्टमध्ये मराठी वळणेच मूळ म्हणून दिलेली आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फॉन्टही मुक्त परवान्याचे असून पडद्यावर सुवाच्य आहेत, शीर्षकांना चांगले.

इंग्रजी उपशीर्षकांचे माप देवनागरीला लावू नका. आपल्या अक्षरांवर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, ऋकार असतात. दोन ओळींतले अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. जाड काळी किनार दिली तर ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘ऋ’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. ठळक वजनाचा फॉन्ट, बारीक किनार आणि मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी अशी जोडी ठेवा. दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. एक उपशीर्षक सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त टिकवू नका. आणि ओळ तोडताना ‘शाळे’ वर आणि ‘च्या बाहेर’ खाली असे कधी होऊ देऊ नका.

उपशीर्षके हाताने टाकायला शिफ्ट आणि एस. केडेनलाइव्हमध्ये व्हिस्पर हे उच्चारावरून मजकूर लिहिणारे मॉडेलही जोडता येते. ते लॅपटॉपवरच चालते, आवाज बाहेर कुठे पाठवला जात नाही. व्हिस्परला मराठी येते, पण इंग्रजीइतकी नाही. लहान मॉडेल मराठी वाक्यात हिंदी शब्द घुसवतात. त्यामुळे भाषा आपोआप ओळखण्यावर न सोडता मराठी निवडा, आणि इंग्रजीत भाषांतराचा पर्याय बंद आहे ना ते पाहा. मोठी मॉडेल तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाहीत. ‘स्मॉल’ रात्रभर चालवा आणि सकाळी ओळ न् ओळ तपासा. बोलणे थांबलेले असते तिथे ते कधी कधी न बोललेले वाक्य लिहिते किंवा आधीचेच पुन्हा पुन्हा लिहिते. शांत जागा आधी तपासा. विज्ञानाच्या पारिभाषिक संज्ञा तर हमखास चुकतात.

व्हिडिओ यूट्यूबवर जाणार असेल तर उपशीर्षके चित्रात भाजू नका. एसआरटी वेगळी चढवा. पाहणाऱ्याला ती चालू-बंद करता येतात आणि चूक सापडली तर फक्त ती फाइल बदलता येते. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीत मात्र ती चित्रातच हवीत. तिथे व्हिडिओ म्हणून पाठवले तर पुन्हा दाबले जाऊन बारीक अक्षरे फाटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याची मर्यादा २ जीबी आहे.

रेंडर

कंट्रोल आणि एंटर दाबा आणि एमपी४, एच.२६४, एएसी हा तयार पर्याय निवडा. १०८०पी, ३० फ्रेमसाठी यूट्यूबची शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. अर्ध्या तासाला १.८ जीबी होते. बिटरेट ठरवण्यापेक्षा सीआरएफ (हँडब्रेकमधल्या आरएफसारखाच गुणवत्तेचा आकडा) १८ ते २० ठेवणे जास्त चांगले. फळ्यासमोर स्थिर उभ्या शिक्षकाला कमी जागा लागते, खेळाच्या तासाला जास्त, आणि सीआरएफ ते वाटप आपणच करते. आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. प्रॉक्सीवरून रेंडर करण्याच्या पर्यायावर खूण नाही ना ते दरवेळी पाहा. ती राहिली तर अर्ध्या तासाचा पाठ ६४० पिक्सेलचा धूसर निघतो. समांतर प्रक्रियेचा पर्याय वेळ वाचवतो, पण काही इफेक्टसोबत चित्रात डाग पडतात. तसे दिसले तर तो बंद करून पुन्हा रेंडर करा. आधी मधला एक मिनिट निवडून तेवढाच रेंडर करा. फॉन्ट, आवाज, ओठांची जुळणी सगळे त्यात कळते.

काय जमत नाही

हिरव्या पडद्यामागचे दृश्य बदलणे, हलत्या वस्तूला झाकणे, हललेले चित्र स्थिर करणे, वेग कमी-जास्त करणे, वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप हे उजेड-रंगाचे आलेख पाहून रंग सुधारणे हे सगळे केडेनलाइव्हमध्ये जमते. एचडीआर आणि लॉगमध्ये (नंतर रंग भरण्यासाठी मुद्दाम फिके ठेवलेले चित्रण) चित्रित केलेल्या १० बिट चित्रांचा बारीक रंगसंस्कार हे त्याचे बळ नाही. इफेक्टचे बहुतेक गणित प्रोसेसरवर होते. महागडे ग्राफिक्स कार्ड घातले तर रेंडरचे एन्कोडिंग वेगवान होते, पण टाइमलाइन तेवढ्या प्रमाणात सुधारत नाही. म्हणून शाळेकडे थोडे पैसे असतील तर ते आधी एसएसडीवर खर्च करा आणि प्रॉक्सी तिच्यावर ठेवा. मग रॅम १६ जीबी करा.

आणि कधीतरी केडेनलाइव्ह अचानक बंद पडेलच. फाइलच्या मेनूत बॅकअप उघडण्याची सोय आहे, तिथे काही मिनिटांपूर्वीची प्रत सापडते. सुरू होतानाच अडखळत असेल तर मदतीच्या मेनूतून सेटिंग्ज मूळपदावर आणा. ‘फाइल सापडत नाही’ हा निरोप आला तर घाबरू नका. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर आहे. तिच्यात चित्रे नसतात, क्लिपा कुठे ठेवल्या आहेत त्यांचे पत्ते असतात. पेन ड्राइव्हवर फक्त ती एक फाइल नेली की दुसऱ्या संगणकावर हाच निरोप येतो. प्रोजेक्टच्या मेनूत आर्काइव्ह करण्याचा पर्याय आहे. तो सगळ्या क्लिपा, फोटो आणि आवाज एका फोल्डरमध्ये गोळा करतो. पाठ पूर्ण झाला की तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ठेवा, फॉन्टची फाइलही त्यातच टाका, आणि मगच लॅपटॉपवरच्या प्रॉक्सी पुसा.